उन्हाळ कांदा: अनेक गावांचे चाचणीचे आकडे एकत्र करून वाण कसा निवडायचा?

वाफेकरी
गटातल्या लोकांनी निफाड, चांदवड, येवला आणि कसमादे (कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा) पट्ट्यातले उन्हाळ कांद्याचे आकडे पाठवलेत. त्यात एन-२-४-१, भीमा शक्ती, भीमा किरण, ॲग्रीफाउंड लाईट रेड आणि काही घरगुती बियाणी आहेत. एकरी क्विंटल, लागवडीची तारीख आणि पाणी देण्याची पद्धत एवढ्याच नोंदी आहेत, चाळीतलं (साठवणीतलं) काहीच नाही. सगळे वाण सगळ्यांकडे नाहीत. कुणाकडे दोन, कुणाकडे तीन. वाणनिहाय सरासरी काढायची, वरचे दोन निवडायचे आणि गटासाठी तेच बी घ्यायचं, असं बहुतेकांचं मत पडतंय. बी टाकायला अजून वेळ आहे. हे बरोबर होईल का? आणि पुढच्या हंगामात आकडे नीट गोळा करायचे तर काय काय लागेल?

आकडेमोड
सरळ सरासरी काढलीत तर वाण निवडला जाणार नाही, जमीन निवडली जाईल. समजा हलक्या रानात चेक वाण (तुलनेसाठी धरलेला) एकरी ८० क्विंटल आला आणि शेजारचा वाण क ८८. दुसरीकडे काळ्या रानात, ठिबकवर, तोच चेक १२० आणि वाण ख १२२. सरासरीच्या यादीत ख १२२ वर, क ८८ खाली. प्रत्यक्षात क चेकपेक्षा १० टक्के पुढे आहे आणि ख दोन टक्केसुद्धा नाही.

म्हणून प्रत्येक शेतात आधी चेक वाण शोधा, म्हणजे बहुतेकांकडे असलेला तुलनेचा वाण. तुमच्या भागात तो बहुधा एन-२-४-१ असेल. मग प्रत्येक नोंदीचा त्याच शेतातल्या चेकपासूनचा फरक टक्क्यांत काढा. क्विंटलमध्ये नको, कारण १५० क्विंटल काढणारे दोन-चार जण सगळा निकाल आपल्याकडे ओढतात. ज्या शेतात चेकच नाही, पण दुसरे दोन वाण आहेत, त्या दोघांतला फरक तरी वापरता येतो. त्यासाठी थोडं मोठं गणित लागतं, आर या संगणक-भाषेत एलएमई४ पॅकेजने होतं. ज्या शेतात एकच वाण आहे ती नोंद मात्र वाण निवडायला निरुपयोगी. बाजूला ठेवा.

कसमादेकर
चेकवर एक शंका. एन-२-४-१ या नावाखाली आमच्याकडे प्रत्येकाचं बी वेगळं. कुणी वर्षानुवर्षं घरचेच कांदे लावून बी धरतो, कुणी दुकानातून आणतो, कुणी विद्यापीठाचं आणतो. रंग वेगळा, मान वेगळी, टिकवण तर फारच वेगळी. मग हा चेक प्रत्येक शेतात एकच कसा म्हणायचा?

आकडेमोड
म्हणता येत नाही. नाव सारखं असलं तरी प्रत्येक बी-लॉट स्वतंत्र वाण धरा. पुढच्या हंगामापासून चेकचं बी एकाच लॉटचं, एकाच ठिकाणाहून घेऊन सगळ्यांना वाटा. जुन्या आकड्यांत ही सोय नाही, त्यामुळे त्यावरून फार बारीक निष्कर्ष काढू नका. जो वाण बहुतेक ठिकाणी चेकच्या मागे पडलाय तो गाळण्यापुरते हे आकडे चालतील.

आणि लागवडीची तारीख. एकाच शेतात एक वाण नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणि दुसरा डिसेंबरच्या शेवटी लागला असेल, तर ती तुलना फेकून द्या. लवकर लावलेल्या, जाड झालेल्या रोपाला थंडी लागली की डेंगळे (फुलाचे दांडे) वाढतात, उशिरा लावलेल्याला पोसायला दिवस कमी मिळतात. हा फरक तारखेचा आहे, पण कागदावर वाणाच्या नावावर चढतो. एका शेतातले सगळे वाण एकाच दिवशी लागले पाहिजेत, फार तर दुसऱ्या दिवशी.

चाळकरी
उत्पादनावर एवढी चर्चा चाललीय, पण उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये विकायला कोण लावतो? पैसे होतात ते ऑगस्ट-सप्टेंबरात चाळीतून काय बाहेर निघतं त्यावर. समजा एक वाण एकरी १२० क्विंटल आला आणि चार-साडेचार महिन्यांत घट, सड, कोंब मिळून ४५ टक्के गेला. उरले ६६. दुसरा १०५ आला आणि २८ टक्के गेला, उरले साडेपंचाहत्तर. यादीत पहिला वर, खिशात दुसरा. चाळीचा रकाना नसलेल्या तक्त्यावर मी तरी उन्हाळचा वाण निवडणार नाही.

भीमा किरण, भीमा शक्ती यांची शिफारस करताना राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने पाच-सहा महिने टिकवण सांगितली आहे. ती नीट काढलेल्या, नीट सुकवलेल्या मालाची. पाणी उशिरा तोडलेला, मान जाड राहिलेला माल कोणत्याही वाणाचा असो, जुलैची दमट हवा लागली की मानेपासून सडतो.

वाफेकरी
चाळकरी भाऊ, मग चाळीची चाचणी शेतकऱ्याला झेपेल अशी कशी घ्यायची? सगळ्यांकडे चाळ सारखी नाही.

चाळकरी
चाळ सारखी नसली तरी चालतं, कारण तुलना त्याच चाळीतल्या चेकशी. पद्धत अशी:

प्रत्येक वाणाचा १० किलो माल, जाळीच्या गोणीत. माल ५० ते ८० मिमीचा, एकेरी, न खरचटलेला. जोड आणि डेंगळे आत घालायचे नाहीत. त्यांचं प्रमाण शेतातच मोजलेलं असतं, इथं मिसळले की एकच दोष दोनदा मोजला जातो. ५० टक्के रोपांच्या माना पडल्या (पात आडवी झाली) की काढणी, त्याआधी १० ते १५ दिवस पाणी बंद. पातीसकट शेतात तीन दिवस, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल अशी पसरून. मग दोन-अडीच सेंमी मान ठेवून पात कापायची आणि सावलीत १० ते १२ दिवस. त्यानंतरचं वजन हे पहिलं वजन. शेतातून ओला माल भरून वजन धरलं तर पहिल्या महिन्यातली घट वाणाची नसते, पाण्याची असते.

सगळ्या गोण्या चाळीच्या एकाच कप्प्यात, एकाच उंचीवर, मध्यावर ठेवा. कडेला पावसाचे सपकारे बसतात, तळाला दाब येतो. दर ३० दिवसांनी गोणी ओतून सडलेले, कोंब आलेले आणि चांगले यांचं वजन वेगवेगळं घ्या. सडका काढून टाका, आत परत घालू नका. काटा १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. ही तीन वजनं वेगळी हवीतच. कारण सड हा बऱ्याचदा काढणी-सुकवणीचा दोष असतो, कोंब हा वाणाचा स्वभाव, आणि वजनातली घट दोन्हींची मिळून. एकच 'नुकसान टक्के' असा रकाना केलात की वाण आणि हलगर्जी वेगळं करता येत नाही.

रोपवाटिका
रोपांचं ठरवल्याशिवाय पुढं जाऊ नका. कांद्याचं बी वर्षभरात उगवण हरवतं. प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते, पण जुनं घरगुती बी ४० वर आलेलं असू शकतं. वाटण्याआधी प्रत्येक लॉटचे १०० दाणे ओल्या कागदात गुंडाळून १२ दिवसांनी मोजा. एका वाणाचं बी ८५ टक्के आणि दुसऱ्याचं ५५ असेल, तर पहिल्याची रोपं दाट होऊन बारीक राहतात आणि दुसऱ्याची विरळ होऊन जाड. शेतात त्यालाच लोक वाणाचा जोम म्हणतात. उगवणीप्रमाणे बी कमी-जास्त टाकून वाफ्यात रोपांची संख्या सारखी ठेवायची.

माझ्या मते रोपं एकाच ठिकाणी तयार करून वाटावीत. वय सारखं राहतं, रब्बीला ५० ते ५५ दिवस. मर रोगाचा एखाद्याच वाफ्याला फटका बसला तर तोही एका नजरेत दिसतो.

कसमादेकर
ताई, एका रोपवाटिकेतून येवला आणि कळवण दोन्हीकडे एकाच दिवशी रोपं पोचवणं अवघड आहे. उपटलेली रोपं तीन दिवस गोणपाटात राहिली की शेंडे पिवळे पडतात. शिवाय प्रत्येकाला आपलं रान तयार असेल तेव्हाच लावायची असतात. बी वाटलेलं बरं.

रोपवाटिका
मग बी वाटा, पण सगळ्या पुड्यांवर एकच बीजप्रक्रिया आधीच करून द्या. नाहीतर चेकला थायरम (बुरशीनाशक) लागतो आणि नव्या वाणाला राहून जातं. ग्रॅमला साधारण २५० ते ३०० दाणे बसतात. ३ बाय २ मीटरच्या वाफ्याला ४०० रोपं लागतात, त्यामुळे ५ ग्रॅमची पुडी पुरून नांगे (रिकाम्या जागा) भरण्यापुरती रोपंही उरतात. नांगे पहिल्या आठ-दहा दिवसांतच भरा, तेही त्याच वाणाच्या रोपांनी. ऐकायला विचित्र वाटेल, पण उरलेली रोपं एकत्र ठेवली की हमखास गल्लत होते.

आकडेमोड
आता शेतातला आराखडा. शेतकऱ्याच्या रानात तीन-तीन पुनरावृत्ती करायला लावू नका. दोन वर्षांत लोक गळतात. प्रत्येक शेतात प्रत्येक वाणाचा एकच वाफा आणि चेकचे दोन, एक या टोकाला, एक त्या टोकाला. दोन चेकमधला फरक म्हणजे त्या रानाची स्वतःची असमानता. तोच २५ टक्के निघाला, तर त्या शेताचा निकाल कमी वजनाचा धरा.

वाफा ३ बाय २ मीटर, अंतर १५ बाय १० सेंमी. म्हणजे २० ओळी, ओळीत २० रोपं. चहूबाजूंची एकेक ओळ सोडून आतली १८ बाय १८, म्हणजे ३२४ रोपं मोजायची. क्षेत्र ४.८६ चौ.मी. या आतल्या वाफ्यातला १ किलो म्हणजे एकरी ८.३३ क्विंटल. १२ किलो निघाले की एकरी १०० क्विंटल, हे लक्षात ठेवायला सोपं.

नमुन्याची एक ओळ अशी दिसेल (आकडे समजण्यापुरते):

शेत नि-०४ । कोड ग । बी-लॉट २ । रोप ५२ दिवस । लागवड १४ डिसेंबर । ५० टक्के माना ९ एप्रिल । काढणीला रोपं ३०१ । एकूण १३.४ किलो । जोड ०.६ । डेंगळे ०.३ । गोल्टी (बारीक कांदा) १.१ । विक्रीयोग्य ११.४ । शेरा: फुलकिडे मध्यम, करपा कमी

एकूण बघितलं तर एकरी १११ क्विंटलच्या वर, विक्रीयोग्य बघितलं तर ९५. तुलना ९५ ची करायची.

काढणीची तारीख प्रत्येक वाणाची वेगळी असू द्या. सगळं एका दिवसात उरकायचं म्हणून लवकर येणाऱ्याबरोबर उशिराचाही उपटला, तर उशिराच्या वाणाचे शेवटचे पोसायचे दिवस गेले. मान जाड राहिली म्हणून तो चाळीतही मागे पडतो, म्हणजे एका घाईची शिक्षा त्याला दोनदा.

रोपवाटिका
रोपं ३०१ च्या जागी २२० उरली तर? दर रोपामागे वजन काढून ३२४ ने गुणायचं का?

आकडेमोड
नाही. विरळ झालेल्या वाफ्यात उरलेला कांदा मोठा होतो, त्यामुळे गुणाकार केला की तो वाण उगाच फुगतो. ८० टक्क्यांच्या वर, म्हणजे २६० रोपं असली की वजन आहे तसं घ्या. त्याखाली असेल तर कारण बघा. डुक्कर शिरलं, सरी फुटली, तर नोंद रिकामी ठेवा, शून्य नको. सगळ्या वाणांना सारखाच पाऊस लागला आणि हा एकटाच सडला, तर ती वाणाची खरी कामगिरी आहे, आकडा आहे तसा ठेवा. रिकामं आणि शून्य यांची सरमिसळ झाल्याने जेवढे तक्ते बिघडतात तेवढे गणिताने बिघडत नाहीत.

खरीपवाला
हाच तक्ता लाल कांद्याला वापरता येईल का? गटातले निम्मे लोक पोळ (खरीप) आणि रांगडाही (उशिरा खरीप) लावतात.

आकडेमोड
अजिबात नाही. कांदा दिवसाच्या लांबीवर आणि तापमानावर पोसतो. उन्हाळचा वाण खरिपात लावला की पात होते, कांदा नीट बनत नाही. भीमा सुपर, भीमा डार्क रेड, भीमा राज, फुले समर्थ, बसवंत ७८० यांची खरिपाची वेगळी चाचणी घ्या. तिथं मोजायच्या गोष्टीही वेगळ्या: पाणी साचल्यावर पीळ रोगाचं प्रमाण, जोड कांदा, लाल रंगाचा एकसारखेपणा. खरिपात माना आपोआप पडत नाहीत, रिकामा ड्रम फिरवून पाडाव्या लागतात, म्हणून '५० टक्के माना' हा रकाना तिथं निरर्थक ठरतो. त्याऐवजी कांद्याचा आकार आणि रंग भरल्याची तारीख लिहा. रांगड्यात डेंगळ्यांचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा.

वाफेकरी
आमच्याकडे सहा-सात वाण तपासायचे आहेत. एकाच शेतकऱ्याने एवढे वाफे सांभाळणं कठीण. कमी करावेत का?

आकडेमोड
वाण कमी करू नका, प्रत्येकाच्या वाट्याला कमी द्या. ट्रायकॉट नावाची पद्धत आहे: प्रत्येक शेतकऱ्याला मोठ्या यादीतले कोणतेही तीनच वाण, तेही क, ख, ग अशा सांकेतिक पुड्यांत. कोणत्या तीन, हे चिठ्ठीने किंवा संगणकाने ठरतं. शेतकऱ्याने फक्त सांगायचं: डेंगळे सगळ्यात कमी कुठे, सगळ्यात जास्त कुठे, उत्पादनात पहिला कोण, शेवटचा कोण, चाळीत कोण टिकला. वजनकाट्याशिवायही चालते. मांडणी आणि हिशेबासाठी क्लाइममॉब हे मोफत ऑनलाइन साधन आहे. निकाराग्वा, इथिओपिया आणि भारतातल्या शेतकऱ्यांच्या १२,४०९ वाफ्यांवरचा या पद्धतीचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पिकं राजमा आणि गव्हाची होती, भाजीपाला नव्हता, पण गणित तेच.

पुड्यांवर नाव न टाकण्याचा फायदा मोठा आहे. नाव दिसलं की ज्या वाणावर आधीच विश्वास आहे त्याला खताचा जादा हात पडतो, मनात असो वा नसो.

तुम्हाला वजनंही हवी असतील तर तीन सांकेतिक वाण अधिक चेकचे दोन वाफे, असे पाच करा. ३० चौ.मी. जागा आणि पायवाट, एवढंच लागतं.

कसमादेकर
किती शेतकरी पुरतील?

आकडेमोड
ढोबळ हिशेब देतो. दोन शेजारच्या वाफ्यांतला फरक शेतागणिक २० टक्क्यांनी वरखाली होतो असं धरा. १६ शेतांत तो वाण असेल तर सरासरी फरकाची चूक २० भागिले ४, म्हणजे ५ टक्के. त्याच्या दुप्पट, म्हणजे १० टक्क्यांच्या वरचा फरक दिसला तरच त्यावर विश्वास. २५ शेतं असतील तर ८ टक्के. तुलनेसाठी, एकाच ठिकाणी तीन पुनरावृत्ती आणि १५ टक्के सीव्ही (सरासरीच्या तुलनेत चढउतार) असलेल्या चाचणीत पंचवीस टक्क्यांच्या आसपास फरक असल्याशिवाय काही सिद्ध होत नाही. एकाच प्रात्यक्षिकातल्या १२ टक्के जास्त उत्पादनावर एकरभर बी घेणारे लोक बघितले की कसंसंच होतं.

दुसरं म्हणजे कमी नोंदींच्या वाणाला लगाम घाला. एक वाण दोनच शेतांत होता आणि चेकपेक्षा २० टक्के पुढे आला, दुसरा १४ शेतांत ११ टक्के पुढे. फरकाला नोंदींची संख्या भागिले (संख्या अधिक ४) याने गुणा. पहिला २० गुणिले २/६, म्हणजे ६.७. दुसरा ११ गुणिले १४/१८, म्हणजे ८.६. क्रम उलटला. हा ४ कुठून आला? २० टक्के चढउताराचा वर्ग भागिले वाणावाणांतल्या खऱ्या फरकाचा वर्ग. तो फरक मी १० टक्के धरलाय. तुमच्या आकड्यांवर तो पुन्हा काढा.

तिसरं, सरासरीवर थांबू नका. आडव्या अक्षावर शेताची पातळी, म्हणजे त्या शेतातल्या सगळ्या वाफ्यांची सरासरी, आणि उभ्या अक्षावर वाणाचं उत्पादन, असा आलेख प्रत्येक वाणाचा काढा. फिन्ले आणि विल्किन्सन यांनी १९६३ मध्ये हे मांडलं, आजही एक्सेलमध्ये दहा मिनिटांत होतं. रेघ चेकच्या रेघेपेक्षा उभी असेल तर तो वाण भारी रान आणि भरपूर पाणी मागतो. आडवी असेल तर हलक्या रानातही बुडवत नाही. कसमादेतल्या मुरमाड रानाला आणि निफाडच्या काळ्या रानाला एकच वाण सुचवायचा हट्ट यातच सुटतो.

खरीपवाला
एकाच वर्षात ४० गावं केली तर तीन वर्षं थांबायची गरज नाही ना?

आकडेमोड
आहे. चाळीसही गावांना त्या वर्षीचा एकच मार्चमधला उकाडा आणि एकच अवकाळी लागलेली असते. वर्षाची जागा गावं घेत नाहीत. अखिल भारतीय समन्वित चाचण्यांतही वाण तीन टप्प्यांतून, तीन वर्षं जातो. विभागांची विभागणीही बघा. भाजीपाल्याच्या समन्वित प्रकल्पात महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गोवा सातव्या विभागात येतात. दुसऱ्या विभागातला पहिला नंबर इथं आणून चिकटवायचा नाही. तीन वर्षं थांबवत नसेल तर पहिल्या वर्षानंतर फक्त खालचे वाण काढून टाका, वरच्यांत निवड करू नका.

चाळकरी
एक राहिलं. व्यापारी. पाच-पाच किलोचे क्रेट, फक्त कोड लावून, ओळखीच्या दोन-तीन व्यापाऱ्यांपुढे ठेवा आणि वेगवेगळे भाव विचारा. पत्ती (वरची साल) सुटलेला, फिका पडलेला कांदा क्विंटलमागे किती खाली जातो ते तिथं कळतं. हे एप्रिलमध्ये एकदा आणि चाळीतून काढल्यावर एकदा करा. काही वाण काढणीला देखणे असतात आणि ऑगस्टमध्ये पत्ती सोडून उघडे पडतात.

वाफेकरी
म्हणजे यंदा: जुन्या आकड्यांतून फक्त मागे पडणारे गाळायचे, चेक एकाच लॉटचा, तीन कोड अधिक दोन चेक, विक्रीयोग्य वजन, आणि १० किलोच्या गोण्या चाळीत. मग गटाचं बी यंदा कोणतं घ्यायचं?

आकडेमोड
मोठ्या क्षेत्रावर जे चालू आहे तेच. नवा वाण ज्याला हवा त्याने चार-पाच गुंठ्यांपलीकडे जाऊ नये. बी शेजाऱ्याकडून घेतलेलं असलं तरी हरकत नाही. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याला स्वतःचं बी ठेवायला, वाटायला, विकायलाही मुभा आहे, फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.

रोपवाटिका
कोडच्या चिठ्ठ्या लॅमिनेट करून खुंटीला बांधल्या तरी उन्हाने शाई उडते. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर खिळ्याने कोरा, आणि वाफ्यांचा नकाशा लागवडीच्या दिवशीच फोटो काढून गटावर टाका. उत्तरेकडून पहिला वाफा कोणता ते त्यावर लिहिलेलं असू द्या. काढणीला येणारा माणूस लागवडीला असतोच असं नाही.